आठ लाख बाथांची ठेव : परदेशातील निवृत्ती आणि खात्याची निवड

बँकॉकच्या उत्तरेकडे चेंग वत्थना रस्त्यावर एक भव्य सरकारी संकुल आहे. तेथील परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयासमोर कार्यालय उघडण्यापूर्वीच रांग लागलेली असते. रांगेत पिकल्या केसांची माणसे अधिक. प्रत्येकाच्या हातात कागदांची एक जाडसर पिशवी असते. पारपत्र, छायाचित्रे, राहत्या घराचा पुरावा, बँकेचे प्रमाणपत्र आणि एक लहानसे पासबुक, एवढा त्यातला ऐवज. आपला क्रमांक आला की अधिकारी पारपत्र उघडतो, शिक्के पाहतो आणि लगेच पासबुकाकडे वळतो. शेवटच्या ओळीवरून त्याचे बोट वर सरकत जाते. दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेला शिल्लक किती होती, मधल्या काळात ती कधी खाली आली का, एवढेच त्याला पाहायचे असते. त्या बोटाच्या प्रवासावर समोरच्या वृद्धाचे पुढचे एक वर्ष अवलंबून असते.

थायलंडमध्ये निवृत्तीचा काळ घालवणाऱ्या परदेशी माणसांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर युरोप-अमेरिकेतील मंडळी येतात. परंतु बँकॉकच्या सीलोम आणि महेसक रस्त्यांच्या परिसरात रत्नांचा व्यापार करणारी भारतीय कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांत जैन कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. मुलगा तिकडे स्थिरावला, सून-नातवंडे तिकडेच, आणि गावाकडच्या घरात दोन वृद्ध जीव दूरध्वनीच्या पडद्यावर नातवंडांना पाहत बसलेले, असे चित्र आज अनेक घरांत दिसते. मग एके दिवशी मुलगा म्हणतो, “आई-बाबा, आता इकडेच या.” भावनेच्या अंगाने हे वाक्य जितके सोपे, तितकेच कायद्याच्या अंगाने अवघड आहे. कारण मुलाच्या नोकरीचा किंवा व्यापाराचा परवाना आई-वडिलांना आपोआप आसरा देतोच असे नाही. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीसाठी सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे निवृत्तीच्या कारणास्तव मिळणारी वर्षभराची मुदतवाढ. आणि त्या मार्गाच्या तोंडाशीच बँकेचे खाते उभे आहे.

नियमाचे मूळ स्वरूप

नियम तसा थोडक्यात सांगता येतो. अर्जदाराचे वय किमान ५० वर्षे असावे. त्याच्याकडे बिगर-स्थलांतरित वर्गाचा, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसा असावा. त्याच्या आर्थिक क्षमतेचा पुरावा तीन प्रकारे देता येतो. पहिला प्रकार, थायलंडमधील बँकेत किमान ८ लाख बाथांची ठेव. दुसरा, दरमहा किमान ६५ हजार बाथांचे उत्पन्न. तिसरा, ठेव आणि वार्षिक उत्पन्न यांची बेरीज ८ लाख बाथ. मुदतवाढीचे शुल्क १,९०० बाथ आहे.

मासिक उत्पन्नाचा मार्ग ऐकायला सोपा वाटतो. पण परदेशातून दरमहा नियमित रक्कम येत असल्याचे बँकेच्या नोंदींवरून दाखवावे लागते. नव्याने आलेल्या माणसाकडे अशा बारा महिन्यांच्या नोंदी असणार कोठून? आणि भारतातील सामान्य निवृत्तिवेतन त्या आकड्याला क्वचितच पोहोचते. म्हणून बहुतेक भारतीय कुटुंबे ठेवीचा मार्ग धरतात.

ठेवीच्या नियमाला २०१९ मध्ये धार आली. तत्पूर्वी अर्जाच्या आधी ठराविक काळ पैसे खात्यात असले, की पुढे ते काढून घेता येत. त्या वर्षीच्या आदेशानंतर तीन टप्पे ठरले. अर्जापूर्वी किमान दोन महिने ८ लाख बाथ खात्यात असले पाहिजेत. मंजुरीनंतर आणखी तीन महिने ती रक्कम तशीच राहिली पाहिजे. त्यानंतर शिल्लक कमी करता येते. मात्र ती ४ लाख बाथांच्या खाली कधीही जाता कामा नये. पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी ती पुन्हा ८ लाखांवर यावी.

या तीन टप्प्यांची बेरीज करून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. वर्षातील निम्मा काळ पूर्ण ८ लाख अडकलेले, आणि उरलेल्या निम्म्या काळात निम्मी रक्कम अडकलेली. म्हणजे खात्यात ८ लाख असले तरी हाताशी येतात ते जास्तीत जास्त ४ लाख, आणि तेही सहा-सात महिन्यांपुरते. हा हिशेब ज्याने आधी मांडला, त्याची पुढची निवड सोपी होते.

खाते कोणते निवडावे?

भारतात बँक निवडताना माणूस व्याजदर पाहतो, शाखा घराजवळ आहे का ते पाहतो, ओळखीचा व्यवस्थापक आहे का ते पाहतो. येथे निकषांचा क्रम उलटा लावावा लागतो. पहिला प्रश्न असा, की हे खाते अधिकाऱ्याच्या मेजावर पाच मिनिटांत वाचता येईल का? व्याजाचा विचार त्यानंतरचा.

पासबुक असलेले साधे बचत खाते हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. प्रत्येक व्यवहाराची छापील ओळ, प्रत्येक ओळीसमोर शिल्लक, आणि परदेशातून आलेल्या रकमेसमोर तसा संकेत. अधिकाऱ्याला हवे ते सारे एका पानावर सापडते. बचत खात्यावरील व्याज अगदी थोडे असते हे खरे. परंतु वर्षाला २० हजार बाथांपर्यंतच्या बचत व्याजावर कर लागत नाही.

मुदत ठेव हा दुसरा पर्याय. तिच्यावर व्याज थोडे अधिक मिळते, पण त्यातून १५ टक्के कर कापला जातो. अनेक कार्यालये मुदत ठेव स्वीकारतात. तिचा मोठा गुण असा, की पैसे सहज काढता येत नसल्याने चुकून हात लागण्याची भीती राहत नाही. मात्र दोन ठिकाणी सावध राहावे लागते. ठेवीचे नूतनीकरण झाले की काही बँका पासबुकात जुनी रक्कम काढल्याची आणि नवी भरल्याची ओळ छापतात. ती तारीख अर्जापूर्वीच्या दोन महिन्यांत पडली, तर “हा पैसा नवा आहे काय?” असा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून ठेवीची मुदत संपण्याची तारीख आणि अर्जाची तारीख एकमेकींपासून लांब ठेवाव्यात. दुसरे असे, की ठेव कोणत्याही कर्जासाठी तारण असता कामा नये. ज्या पैशावर दुसऱ्याचा हक्क बसला आहे, तो अर्जदाराचा मानला जात नाही.

केवळ मोबाइलवर चालणारी, अधिक व्याजाची पण पासबुक नसलेली बचत खाती अलीकडे लोकप्रिय झाली आहेत. घरखर्चासाठी ती उत्तम. परंतु पासबुक पाहण्याची सवय असलेल्या मेजावर ती अडचणीची ठरू शकतात. डॉलरमधील परकीय चलन खाते काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. शिवाय तेथे विनिमय दर रोज हलतो. आज ८ लाख बाथांइतके असलेले डॉलर महिन्याभरात ७ लाख ९० हजारांचे झाले, तर डॉलर जसेच्या तसे असूनही नियम मोडतो. म्युच्युअल फंड, रोखे, समभाग किंवा विमा यांची किंमत कितीही असली, तरी त्यांना या ठेवीत स्थान नाही.

बँक कोणती, या प्रश्नाचे उत्तर मात्र आकड्यांत नाही. बँकॉक बँक, कासिकोर्न, क्रुंगथाई, सियाम कमर्शियल, क्रुंगश्री या मोठ्या बँकांची प्रमाणपत्रे देशभरातील कार्यालयांच्या नित्य परिचयाची आहेत. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेतील एका ठेवीदाराला १० लाख बाथांपर्यंत मिळते. म्हणजे ८ लाखांची ठेव एकाच बँकेत असली तरी ती पूर्णपणे संरक्षित राहते. मग निवड शाखेवर येऊन ठेपते. प्रमाणपत्र त्याच दिवशी हाती देणारी, परदेशी ग्राहकांची सवय असलेली आणि शक्यतो परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या जवळची शाखा सर्वांत उपयोगी. प्रमाणपत्र ताजे लागते, आणि पासबुकातील शेवटची नोंदही अर्जाच्या दिवशीची असावी अशी अपेक्षा असते. म्हणून जाणती मंडळी त्या सकाळी बँकेत जाऊन शंभर बाथ भरतात, पासबुक छापून घेतात आणि तेथूनच कार्यालयाची वाट धरतात.

खाते उघडणे हेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. फसवणुकीसाठी दुसऱ्याच्या नावावर चालवली जाणारी खाती तेथे ‘घोडा खाती’ म्हणून ओळखली जातात. त्यांच्याविरुद्धच्या मोहिमेमुळे बँका परदेशी ग्राहकाची बारकाईने चौकशी करतात. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला अनेक शाखा नकार देतात. योग्य वर्गाचा व्हिसा, राहत्या पत्त्याचा अधिकृत दाखला आणि स्थानिक दूरध्वनी क्रमांक सोबत असला तर काम सुकर होते. एका शाखेने नकार दिला, तरी त्याच बँकेची दुसरी शाखा होकार देते, हा अनुभव तेथे नेहमीचा आहे.

काठावरचा आकडा नको

एक वृद्ध दांपत्य कल्पनेत आणावे. सांगलीकडचे निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची पत्नी. आयुष्यभर पै-पैचा हिशेब चोख ठेवलेला. त्यांनी बँकॉकमध्ये खाते उघडले आणि त्यात बरोबर ८ लाख बाथ ठेवले. एक बाथ अधिक नाही, एक उणा नाही. खात्यासोबत एटीएम कार्ड घेतलेले. वर्ष भरताच बँकेने कार्डाचे वार्षिक शुल्क, दोन-तीनशे बाथ, खात्यातून वळते केले. शिल्लक ८ लाखांच्या खाली गेली. रक्कम किरकोळ, पण नियमाला किरकोळ आणि भरभक्कम असा भेद ठाऊक नाही. दोन महिन्यांचा काळ मोडला.

असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो, म्हणून दोन सवयी लावून घ्याव्यात. पहिली, या खात्याला कार्ड जोडूच नये. घरखर्चासाठी दुसरे खाते असावे. दुसरी, खात्यात ८ लाखांवर आणखी दहा-पंधरा हजार बाथ कायम राहू द्यावेत. आपल्याकडे धान्याच्या कोठीचा तळ कधी दिसू देत नाहीत, त्याच न्यायाने.

हीच काळजी पैसे पाठवतानाही घ्यावी. भारतातून निघालेली रक्कम मधल्या बँकांच्या हातून जाते आणि प्रत्येक हात आपला वाटा कापून घेतो. निघताना पुरेसे असलेले पैसे पोहोचताना काही शे बाथांनी कमी भरतात. तेव्हा थोडी अधिक रक्कम पाठवणे केव्हाही शहाणपणाचे.

भारताच्या बाजूचा हिशेब

थायलंडचा नियम पाळताना भारताचा नियम विसरला, तर दुष्काळात तेरावा महिना. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. ८ लाख बाथ या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. परदेशात स्वतःच्या नावाचे खाते उघडण्यासही या योजनेत परवानगी आहे. त्यासाठी पॅन आणि बँकेचा ए-२ अर्ज लागतो.

खरी गाठ पडते ती स्रोतावर गोळा होणाऱ्या कराशी, म्हणजे टीसीएसशी. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपलीकडे गेलेल्या अशा रकमेवर २० टक्के टीसीएस लागतो. हिशेबाच्या सोयीसाठी एक बाथ म्हणजे पावणेतीन रुपये धरले, तर ८ लाख बाथ म्हणजे २२ लाख रुपये. सारी रक्कम एकाच वर्षात पाठवली, तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार रुपये बँक आधीच वेगळे काढून घेते. हा कर बुडत नाही. विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. पण तोवर ती रक्कम हाती नसते, आणि ज्याने सर्व जमवाजमव करून बरोबर आकडा उभा केला आहे, त्याची पंचाईत होते. हीच रक्कम ११ लाख मार्चमध्ये आणि ११ लाख एप्रिलमध्ये अशी दोन आर्थिक वर्षांत विभागली, तर दोन्ही वर्षांचे मिळून ४० हजार रुपयेच अडकतात. कॅलेंडरची एवढी जाण ठेवण्याने दोन लाख रुपये वेळेवर हाताशी राहतात. मात्र दोन महिन्यांचा काळ दुसरा हप्ता पोहोचून ८ लाख पुरे झाले, त्या दिवसापासून मोजावा.

आणखी काही गोष्टींची आठवण ठेवावी. या योजनेखाली पाठवलेली पण न वापरलेली रक्कम निवासी व्यक्तीने १८० दिवसांत परत आणावी अशी तरतूद आहे. तेव्हा “कधीतरी जाऊ” म्हणून पैसे दोन वर्षे आधीच परदेशात नेऊन ठेवू नयेत. जोवर माणूस भारतात करदृष्ट्या निवासी आहे, तोवर परदेशी खात्याची नोंद विवरणपत्राच्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात करावी लागते. ती टाळल्यास काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्यान्वये १० लाख रुपयांपर्यंत दंडाची पाळी येऊ शकते. खाते प्रामाणिक पैशाचे असले, तरी न सांगितलेले खाते हे न सांगितलेलेच राहते.

भारत सोडून दीर्घकाळासाठी बाहेर राहू लागल्यावर येथील साध्या बचत खात्याचे एनआरओ खात्यात रूपांतर करून घ्यावे. निवृत्तिवेतन, घरभाडे, व्याज हे चालू उत्पन्न त्यातून बाहेर नेता येते. साठलेली रक्कमही वर्षाला दहा लाख डॉलरच्या मर्यादेत, आवश्यक करप्रमाणपत्रे देऊन नेता येते. दुसरीकडे, वर्षात १८० दिवस किंवा त्याहून अधिक काळ थायलंडमध्ये राहणारी व्यक्ती तेथील करनिवासी ठरते, आणि १ जानेवारी २०२४ पासून परदेशातून तेथे आणलेल्या उत्पन्नाकडे पाहण्याची तेथील करखात्याची दृष्टी कडक झाली आहे. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. पण त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. निघण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटशी एक निवांत बैठक करावी. पूर्वीची आणि नंतरची उत्पन्ने वेगळी दाखवता येतील असे कागद तेव्हाच तयार ठेवलेले बरे.

तारखांचे गणित

तारखांचा घोळ येथे पैशाच्या घोळाइतकाच महाग पडतो. समजा, कोणी ९० दिवसांच्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर १ जानेवारीला पोहोचला. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. अर्जाच्या दिवशी पैसे किमान दोन महिने जुने हवेत. म्हणजे जानेवारी संपण्यापूर्वी पूर्ण रक्कम खात्यात पोहोचलीच पाहिजे. त्या तीस दिवसांत घर ठरवायचे, पत्त्याचा दाखला मिळवायचा, खाते उघडायचे आणि भारतातून पैसे मागवायचे. पहिला पंधरवडा बँकॉकची मंदिरे पाहण्यात घालवला, तर उरलेला पंधरवडा पुरत नाही. आधी खाते, मग दर्शन, असा क्रम ठेवलेला बरा.

पुढील वर्षांचे गणित थोडे सैल असते. परवानगी १ ऑक्टोबरला संपते असे धरू. अर्ज १० सप्टेंबरला करायचा, तर ८ लाख १० जुलैपर्यंत हवेत. जाणते लोक जूनअखेरच ते पुरे करतात. मंजुरीनंतर ते १० डिसेंबरपर्यंत तसेच राहावेत. पण काही ठिकाणी तीन महिने नव्या वर्षाच्या आरंभापासून मोजले जातात, म्हणून १ जानेवारीपर्यंत हात न लावणे श्रेयस्कर. मग जानेवारी ते जून एवढाच काळ निम्मी रक्कम मोकळी.

पासबुकावरील साल पाहून नवखा माणूस गोंधळतो. थायलंडमध्ये बौद्ध शक चालतो, इ.स. २०२५ म्हणजे तेथील २५६८. दोन सालांत ५४३ वर्षांचे अंतर. शालिवाहन शक आणि विक्रम संवत यांचा मेळ घालत वाढलेल्या मराठी माणसाला हे गणित जड जाऊ नये. पण पासबुकातील ‘६८’ हा आकडा पाहून दचकू नये, एवढेच.

मुदतवाढ मिळाली म्हणजे सुटका झाली असेही नाही. सलग ९० दिवस देशात राहिल्यास राहत्या पत्त्याची सूचना द्यावी लागते. आणि सर्वांत दुःखद चूक घडते ती भारतात येताना. पुतणीच्या लग्नाला म्हणून माणूस घाईने विमानात बसतो. पुनःप्रवेशाची परवानगी घ्यायची राहते. ती न घेता देश सोडला, की वर्षभराची मुदतवाढ तेथेच संपते. खात्यातील ८ लाख जागच्या जागी असूनही. एका वेळेच्या पुनःप्रवेशाचे शुल्क १,००० बाथ आणि अनेक वेळांचे ३,८०० बाथ आहे. वर्षातून दोनदा गावी येणाऱ्याने दुसरीच परवानगी घ्यावी. दुसऱ्यांदा अर्जाची धावपळ राहत नाही.

खात्यावर एकच नाव

या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक जागा येथे आहे. भारतात पती-पत्नीचे संयुक्त खाते ही रूढ गोष्ट. दोघांपैकी एकजण गेला, तरी दुसऱ्याचे अडत नाही. थायलंडमधील निवृत्तीच्या ठेवीसाठी खाते अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर असावे अशी अपेक्षा असते. पतीच्या नावावर ८ लाख असले, की पत्नीला त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून मुदतवाढ मिळू शकते. तिला वेगळी ठेव लागत नाही. बहुतेक दांपत्ये हाच मार्ग घेतात. पैसे वाचतात, कागद वाचतात.

पण पती निवर्तला तर? ज्याच्या आधारावर तिचे राहणे होते, तो आधार गेला. ठेवीचे खाते बँकेने रोखून धरले. वारसाचा व्यवस्थापक नेमल्याचा न्यायालयाचा आदेश आल्याशिवाय पैसे हलत नाहीत. आपल्याकडील नामनिर्देशनासारखी सोय तेथे गृहीत धरता येत नाही. शोकाच्या त्याच आठवड्यात त्या स्त्रीसमोर दोन प्रश्न उभे राहतात. येथे राहू कशी, आणि पैसे मिळवू कसे? मुलगा जवळ असला तरी कायद्याचा काळ आपल्या गतीनेच चालतो.

यावर उपाय आहेत, आणि ते सारे आधी करायचे आहेत. ऐपत असेल आणि पत्नीचेही वय पन्नाशीपलीकडे असेल, तर दोघांच्या नावावर दोन स्वतंत्र ठेवी ठेवून दोघांनी स्वतंत्र मुदतवाढ घ्यावी. ते शक्य नसेल, तर किमान घरखर्चाचे एक खाते पत्नीच्या स्वतःच्या नावावर असावे आणि त्यात काही महिन्यांचा निर्वाह होईल इतकी रक्कम असावी. थायलंडमधील मालमत्तेपुरते वेगळे मृत्युपत्र थाई भाषेत, तेथील वकिलाकडून करून घ्यावे. आणि पासबुक कोठे आहे, कोणत्या शाखेचे आहे, परवानगी कधी संपते, हे पत्नीला ठाऊक असावे. “हे व्यवहार तेच पाहतात” हे वाक्य गावात चालून जाते. परक्या देशात ते फार महाग पडते.

दलालाचा आडरस्ता

जेथे नियम कडक, तेथे पळवाट विकणारे असतातच. “तुमच्या नावावर आम्ही ८ लाख दाखवतो, तुम्ही फक्त शुल्क द्या,” असे सांगणारे दलाल तेथील पर्यटननगरांत भेटतात. काम होतेही. पारपत्रावर खरा शिक्का उमटतो. पण तो शिक्का ज्या खात्यावर उभा आहे, ते खाते खोटे असते. २०१९ नंतर मंजुरीनंतरची शिल्लकही तपासली जात असल्याने पुढच्या वर्षीच्या अर्जात हे उघडे पडू शकते. तोवर वृद्ध दांपत्य घर थाटून बसलेले, औषधोपचार सुरू झालेले, नातवंडे अंगाखांद्यावर खेळू लागलेली. त्या टप्प्यावर परत जाण्याचा आदेश आला, तर दलाल सापडत नाही. व्यापारात पत जपून पिढ्या उभ्या राहिलेल्या घराने म्हातारपणाचा आसरा अशा पायावर का बांधावा?

८ लाख जमत नसतील, तर ते मान्य करून दुसरा विचार करणे अधिक हिताचे. वर्षातील काही महिने मुलाकडे आणि काही महिने गावी, अशी व्यवस्था अनेक कुटुंबांनी समाधानाने स्वीकारली आहे.

हा पैसा कशासाठी आहे?

शेवटी एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशी खात्यात बावीस लाख रुपये आहेत म्हटल्यावर घरच्यांना वाटते, आजारपणाची सोय झाली. तसे नाही. ऑगस्ट महिन्यात हृदयविकाराचा झटका आला आणि रुग्णालयाच्या देयकासाठी या ठेवीला हात लावावा लागला, तर जीव वाचतो, पण परवानगी धोक्यात येते. आणि रुग्णशय्येवरच्या माणसाला देश सोडण्याची तयारी करावी लागू शकते. म्हणून निघण्यापूर्वी तीन पुरचुंड्या वेगळ्या बांधाव्यात. पहिली व्हिसाच्या ठेवीची, जिच्याकडे वर्षभर पाहायचेही नाही. दुसरी रोजच्या निर्वाहाची. तिसरी आजारपणाची, आरोग्य विम्यासह. उतारवयात परदेशी विमा महाग पडतो आणि जुन्या आजारांना वगळतो, म्हणून त्याची चौकशी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच करावी. तिसरी पुरचुंडी बांधता येत नसेल, तर पहिलीही बांधू नये.

नियम बदलतात, आणि एकच नियम दोन कार्यालयांत दोन प्रकारे वाचला जातो. चियांग माईला चाललेला कागद पटायाला चालेलच असे नाही. म्हणून अर्जाच्या तीन महिने आधी आपल्या विभागाच्या कार्यालयात जाऊन कागदांची यादी प्रत्यक्ष विचारून यावी, आणि त्याच यादीप्रमाणे पिशवी भरावी.

चेंग वत्थनाच्या त्या मेजावर अधिकाऱ्याचे बोट पासबुकाच्या वरच्या ओळीपर्यंत पोहोचते, थांबते, आणि तो शिक्क्याकडे हात नेतो. समोरचे गृहस्थ सुटकेचा श्वास सोडतात. बाहेर सून गाडीत वाट पाहत असते, शाळा सुटायला अजून तासभर असतो. आज नातवाला शाळेतून आणायला आजोबाच जाणार आहेत.